टांकसाळीतली चूक की बाहेरचा मार? नवख्या नाणेसंग्राहकांसाठी तपासणीची रीत

नव्या संग्राहकाला पहिल्या वर्षभरात जी 'एरर' नाणी, म्हणजे टांकसाळीतच चूक होऊन बाहेर पडलेली नाणी सापडतात, त्यांतली बहुतेक एरर नसतात. कुणी ती पकडीत दाबलेली असतात, कुणी रेल्वेच्या रुळावर ठेवलेली असतात, काही वर्षानुवर्षं ताम्हनात हळदकुंकू आणि पाण्यात राहून काळी पडलेली असतात. काही तर विकण्यासाठीच घरी बसून 'तयार' केलेली असतात. खऱ्या एरर नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीच्या वर पैसे मोजतात. मार खाल्लेल्या दोन रुपयांचे मात्र दोनच रुपये येतात, तेही दुकानदाराने घेतले तर.

हा फरक ओळखायला याद्या पाठ करायची गरज नाही. नाणं कसं बनतं हे एकदा नीट समजून घ्या, आणि मग प्रत्येक संशयास्पद नाणं हातात घेतल्यावर एकच प्रश्न विचारा: हे टांकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर घडलं असेल? टप्पा सांगता आला तर पुढची तपासणी. सांगता आला नाही तर ते नाणं भाजीवाल्याला देऊन मोकळं व्हा.

पायरी १: नाण्याचा जन्म समजून घ्या

आपल्याकडे आज चार सरकारी टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. ढोबळ क्रम सगळीकडे सारखाच. धातूची पट्टी हव्या त्या जाडीची लाटली जाते. तिच्यातून गोल चकत्या कापल्या जातात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात. मग एका यंत्रातून त्या कडेने दाबत फिरवतात, म्हणजे कडेला थोडी उंच वळी उठते. शेवटी चकती प्रेसमध्ये जाते. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडं असतं, ज्याला सगळे कॉलरच म्हणतात. वरचा ठसा आदळतो, धातू ठशाच्या खोलगट नक्षीत शिरतो आणि बाहेर पसरू पाहतो तेव्हा कॉलर त्याला अडवते. दातेरी कडा असलेल्या नाण्याला ते दात कॉलरमुळेच मिळतात.

या क्रमातून चुकांची तीन घराणी निघतात: चकतीच्या चुका, ठशाच्या चुका आणि आघाताच्या चुका. व्यापाऱ्यांच्या तोंडी यांना प्लँचेट, डाय आणि स्ट्राईक एरर अशी नावं ऐकू येतील. नाण्यातला दोष यांपैकी एका घराण्यात बसायलाच हवा.

पायरी २: हत्यारं जमवा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्यास-जाडी मोजणारं व्हर्नियर कॅलिपर आणि एक साधं चुंबक. एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं, आणि सगळं मिळून एका चांगल्या जेवणाच्या बिलात येतं.

पाचवी वस्तू फुकट आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: त्याच किमतीचं, त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं एक धडधाकट नाणं. ते शेजारी ठेवल्याशिवाय कुठलाही निर्णय देऊ नका. टांकसाळ ओळखायची ती सालाखालच्या खुणेवरून. मुंबईची खूण चौकट आकाराचा हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची गोल ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसतं.

आणि हो, नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही नको. घासलेल्या नाण्यावरची मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही, आणि दोष खरा असल्याचा निम्मा पुरावा त्या झळाळीतच असतो.

पायरी ३: जी मुळात चूकच नाही ती बाजूला काढा

दहा रुपयांच्या नाण्यावर पंधरा रेघा आणि दहा रेघा, यांतलं एक खोटं किंवा एरर असल्याची अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे. २०११ मध्ये नाण्यांवर रुपयाचं नवं चिन्ह आलं तेव्हा नक्षी बदलली, एवढीच ती गोष्ट. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलं की दहा रुपयांची तोवर निघालेली चौदाही रूपं वैध आहेत. १९८५ च्या एक रुपयावर सालाखाली 'एच' अक्षर दिसलं तर तीही चूक नाही. तो रुपया बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून आणलेला आहे. २००७ च्या सुमाराची बोटांच्या मुद्रा असलेली नाणी, आधीच्या दोन रुपयांवरच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, या सगळ्या ठरवून केलेल्या नक्षी आहेत.

जुन्या नाण्यांत तर आणखी जपून. शिवराईवर 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' अर्धवटच आलं म्हणून ती 'ऑफ सेंटर', म्हणजे छाप सरकलेली, म्हणून विकणारे भेटतात. शिवराई हातोड्याने पाडलेली, ठसा बहुतेकदा चकतीपेक्षा मोठा. अक्षरं कापली जाणं हा तिचा नेहमीचा चेहरा आहे. उलट दोन्ही बाजू पूर्ण उमटलेली शिवराई मिळाली तर तिला जास्त मोल. चांदीच्या जुन्या रुपयांवर दिसणारे छोटे छोटे टोचे हे सराफांनी चांदी पारखताना मारलेले ठसे असतात. त्यांना इतिहास आहे, पण टांकसाळीशी त्यांचा संबंध नाही. आणि राणीछाप रुपयाच्या माथ्यावर कडेला दबलेला, डाग दिल्यासारखा भाग दिसला तर तिथे कधीकाळी गळ्यात घालण्यासाठी कडी जोडलेली होती. नंतर कुणीतरी ती कानशीने घासून काढली.

पायरी ४: उंच की खोल?

आता भिंग. दोष नाण्याच्या पृष्ठभागाच्या वर उठलेला आहे की आत खोल गेलेला आहे, हे आधी बघा. सगळ्या तपासणीत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

कारण साधं आहे. ठशाला तडा गेला की ती तड ठशात खोल असते, तिच्यात धातू शिरतो आणि नाण्यावर ती रेघ उठून दिसते. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला तर नाण्यावर त्या जागी सपाट, बिननक्षीचा उंचवटा येतो. असा उंचवटा बाहेर कुणाला सहजासहजी बनवता येत नाही. ओरखडा मात्र धातू खरवडून जातो. तो खोल असतो आणि त्याच्या काठाला सरकवलेल्या धातूची बारीक धार राहते. नख फिरवलं तर लागते. ठोकल्याच्या खळग्याचंही तसंच. आघाताने हललेला धातू नाहीसा होत नाही, शेजारी कुठेतरी फुगतो. ती फुगी सापडली की निकाल लागला.

अपवाद आहेत. ठसा आणि चकती यांच्या मध्ये दोरा किंवा धातूचा कण आला तर त्याची खोल खूण टांकसाळीतच उमटते. ठशात तेलकट मळ साचला तर अक्षर उमटतच नाही. या दोन्हींत खोल किंवा रिकामा भाग आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकाच गुळगुळीत आणि तितकाच झळाळणारा असतो, खरवडल्याच्या रेघा नसतात. सालातला एक आकडा गायब असलेलं नाणं विकायला आलं तर भिंगातून फक्त त्या आकड्याची जागा बघा. तिथे समांतर बारीक रेघा दिसल्या तर तो आकडा कुणीतरी घासून काढला आहे.

आणखी एक कसोटी: एक ठसा हजारो नाणी पाडतो. ठशाचाच दोष असेल तर त्याच सालाच्या, त्याच टांकसाळीच्या दुसऱ्या नाण्यावरही तो अगदी त्याच जागी सापडायला हवा. म्हणून ठशाच्या चुका शोधायच्या तर सुट्ट्या नाण्यांची पिशवी उपयोगी, एकटं नाणं नव्हे.

पायरी ५: कापलेली कड

पुऱ्या लाटून वाटीने कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की एक पुरी चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. चकत्या कापतानाही हेच होतं. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की पुढच्या चकतीला आधीच्या भोकाचा घास बसतो. याला क्लिप म्हणतात. आपल्याकडच्या नाण्यांत ही चूक बऱ्यापैकी सापडते, आणि कानस असलेल्या माणसाला ती खोटी करायलाही सोपी वाटते.

पण खऱ्या क्लिपमध्ये घास आधी बसतो आणि कड नंतर उठते. म्हणून घासाच्या बरोबर समोरच्या बाजूची कड बघा. कड उठवणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते; एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला नीट दाब बसत नाही. त्यामुळे तिथली कड पुसट किंवा बुटकी राहते. घासाजवळची अक्षरंही बघा. आघाताच्या वेळी तिथला धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, म्हणून ती थोडी ताणलेली, घासाकडे निमुळती होत गेलेली दिसतात. कापून केलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते, अक्षरं सुरीने कापल्यासारखी तुटतात आणि कापाच्या जागी कानशीच्या रेघा किंवा ताजा चकाकता धातू दिसतो. समोरची कड पुसट असणं ही प्रत्येक खऱ्या क्लिपमध्ये ठळक दिसेलच असं नाही, पण ती दिसली तर खोटं ठरवणं अवघड.

वजनही करा. खऱ्या क्लिपमध्येही वजन कमी भरतं, त्यामुळे नुसत्या वजनावर खरंखोटं ठरत नाही. पण घास केवढा आणि घट केवढी याचा मेळ बसायला हवा.

पायरी ६: सरकलेला छाप आणि पसरलेलं नाणं

चकती कॉलरमध्ये नीट न बसता बाजूला पडली तर छाप एकीकडे सरकतो आणि दुसरीकडे कोरी चकती राहते. हेच ऑफ सेंटर. दोन्ही बाजूंचा छाप एकाच जागी सरकलेला हवा, आणि कोऱ्या भागात पूर्वीच्या नक्षीचा मागमूस नको. साल दिसत असेल तर भाव चढा.

कॉलर खालीच राहिली तर नाणं मधोमध छापलं जाऊनही बाहेर पसरतं: नेहमीपेक्षा मोठं, कडेला दात नाहीत, वळी नाही, वजन मात्र पुरेपूर. इथे नवखा हमखास फसतो, कारण हातोड्याने चेपलेलं किंवा रुळावर ठेवलेलं नाणंही मोठं होतं आणि तेही वजनाला पुरं भरतं. फरक नक्षीत आहे. पसरलेल्या एरर नाण्यावर सिंह, आकडे, अक्षरं धारदार उमटलेली असतात, कारण ती शेवटच्या आघातात बनली. चेपलेल्या नाण्यात ती आधी बनली आणि मग दबली, म्हणून सपाट, पुसट आणि एका दिशेने ओढल्यासारखी दिसतात. रुळावरचं नाणं बहुधा लांबटही होतं.

पायरी ७: लखी

नाणेबाजारात ज्याला लखी म्हणतात ते ब्रॉकेज. पाडलेलं नाणं प्रेसमधून बाहेर पडलं नाही, एका ठशाला चिकटून राहिलं आणि पुढची चकती आली. आता त्या चकतीच्या एका बाजूला ठसा आहे आणि दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी आधीचं नाणं. परिणाम असा की एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला त्याच छापाची आरशातली, खोल गेलेली प्रतिमा. अंकाच्या बाजूला अंक सरळ आणि मागे तोच अंक उलटा, खोल.

लखीला मागणी मोठी, म्हणून नकलाही तिच्याच जास्त. नेहमीची युक्ती म्हणजे दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये आवळणं. अशाने उलटी खोल प्रतिमा खरोखरच उमटते. मग ओळखायचं कसं? नाण्याच्या त्या बाजूची स्वतःची मूळ नक्षी कुठे गेली ते शोधा. खऱ्या लखीत त्या बाजूला दुसरी नक्षी कधी नव्हतीच, त्यामुळे खोल प्रतिमेच्या खाली-आजूबाजूला काही नसतं. आवळलेल्या नाण्यात चेपलेला सिंह किंवा अर्धवट अक्षरं भुतासारखी मागे राहतात, आणि खोल छाप सगळीकडे सारखा नसतो; मध्ये ठळक, कडेला नाही. सुरुवातीच्या लखीत प्रतिमा धारदार येते. चिकटलेलं नाणं आणखी आघात खात गेलं की ती पसरट आणि विस्कटलेली होत जाते, तेव्हा विस्कटलेली लखी खोटीच, असं घाईने ठरवू नका.

याच्या जोडीला 'दोन्ही बाजूंना छापा' किंवा 'दोन्ही बाजूंना काटा' असलेली नाणी येतात. त्यांतली बहुतेक जादूगारांच्या सामानातली: एक नाणं आतून पोखरायचं, दुसरं पातळ करून त्यात बसवायचं. कडेच्या वळीच्या आतल्या बाजूने भिंग गोल फिरवा, सांधा सापडतो. दगडी फरशीवर हलकेच टाकलं तर आवाजही बद्द येतो.

पायरी ८: फिरलेला ठसा आणि दोन धातूंची नाणी

नाणं वर-खाली चिमटीत धरून उभ्या अक्षावर फिरवा. आपल्या आजच्या नाण्यांवर मागची बाजूही सुलटीच दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली तर ठसा फिरलेला आहे. दहा-पंधरा अंशांच्या फरकाला कुणी विचारत नाही. नव्वद किंवा एकशे ऐंशी अंश असेल तर जपून ठेवा. ही चूक एकट्या माणसाला घरी बनवता येत नाही, त्यामुळे नवख्याने शिकायला सुरुवात इथून करावी असं माझं मत.

पण दहा आणि वीस रुपयांना हा दिलासा नाही. त्यांचा मधला भाग आणि बाहेरचं कडं वेगवेगळ्या धातूंचं असतं आणि छापतानाच एकमेकांत घट्ट होतं. मधला भाग ठोकून बाहेर काढून, फिरवून परत बसवता येतो. खऱ्या फिरलेल्या ठशात एकाच बाजूवरचं मधलं चित्र आणि कड्यावरची अक्षरं एकमेकांशी जुळलेलीच राहतात. फिरते ती अख्खी बाजू. एकाच बाजूवर मधला सिंह तिरका आणि कड्यावरचं 'भारत' आपल्या जागी असेल, तर ते काम टांकसाळीचं नाही. मध्यभाग नसलेलं नुसतं कडं मिळालं तर भोकाची आतली भिंत बघा. मध्यभागाशिवायच छापलं गेलेलं असेल तर आघाताने धातू आत वाहून भोकाचा काठ ओघळल्यासारखा होतो. भिंत सरळ, स्वच्छ आणि तिच्यावर सांध्याची खूण असेल, तर मध्यभाग नंतर पडला किंवा पाडला.

पायरी ९: दुहेरी अक्षरं

हे थोडक्यात, कारण यात पैसा थोडा आणि वाद फार. अक्षरं दुहेरी दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आघातानंतर ठसा किंचित हलणं. त्यात अक्षराच्या बाजूला सपाट, पायरीसारखी पट्टी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. याला जवळजवळ किंमत नाही. ठसाच दुहेरी बनलेला असेल तर अक्षर रुंद, दोन्ही प्रतिमा सारख्या उंचीच्या, गोलसर आणि कोपऱ्यात खाच पडलेली असते. असं दिसलं तर पायरी ४ मधली पिशवीची कसोटी लावा.

पायरी १०: वजन, माप, चुंबक

एका किमतीचं नाणं दुसऱ्याच किमतीच्या चकतीवर छापलं जाणं ही मोठी चूक, आणि ती डोळ्यांपेक्षा काटा चांगली पकडतो. सवयीसाठी काही आकडे: १९९२ पासून २०११ मध्ये छोटा रुपया येईपर्यंतचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. अकरा कोनांचे तांबे-निकेलचे दोन रुपये २६ मिलिमीटर आणि ६ ग्रॅम. जाडजूड तांबे-निकेलचे पाच रुपये २३ मिलिमीटर आणि ९ ग्रॅम. झिजलेल्या नाण्यात काही शतांशांची घट स्वाभाविक आहे; अर्ध्या ग्रॅमची नाही.

चुंबक वापरताना साल बघा. स्टीलची नाणी चिकटतात, तांबे-निकेलची आणि पितळी रंगाची चिकटत नाहीत. पाच रुपये आधी तांबे-निकेलचे होते, २००७-०८ मध्ये स्टीलचे आले आणि २००९ पासून निकेल-पितळेचे, म्हणून चिकटणारे पाच रुपये दिसताच उडी मारू नका. १९४७ चा सहाव्या जॉर्जचा रुपया आणि १९५० चा रुपया शुद्ध निकेलचे आहेत, तेही चिकटतात.

नुसता रंग वेगळा म्हणून धातू वेगळा ठरत नाही. गॅसवर तापलेलं नाणं निळसर-तपकिरी होतं, रसायनात बुडवलेलं तांबूस, आणि सोन्याचं पाणी दिलेले पाच रुपये तर यात्रेत विकायलाच असतात. वजन, माप आणि चुंबक तिन्ही नेहमीसारखे आले तर धातूही नेहमीचाच.

पायरी ११: विकत घेताना

'हे दोन रुपयांचं नाणं असेल तर पाच लाख मिळवा' अशा जाहिरातींत पाच लाख देणारा कधीच नसतो. आधी 'नोंदणी शुल्क' मागणारा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. स्वतः चूक 'बनवून' बघण्याचा मोहही टाळा. २०११ च्या नाणे कायद्याखाली नाणं नष्ट करणं हा गुन्हा आहे.

शिकायचं असेल तर मुंबई-पुण्यात भरणाऱ्या नाणे प्रदर्शनांत जा आणि पहिल्या एक-दोन वेळा काहीच विकत घेऊ नका. खरी लखी आणि खरी क्लिप हातात घेऊन बघा, कडेवर भिंग फिरवा. चांगला व्यापारी नाही म्हणत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं. हातोड्याच्या नाण्यापासून यंत्राच्या नाण्यापर्यंत धातू कसा वागतो, ते तिथे एका फेरीत कळतं.

फोटोवरून घेणार असाल, किंवा स्वतःचं नाणं जाणकाराला फोटोवरून दाखवणार असाल, तर एवढं मागा किंवा पाठवा: दोन्ही बाजू सरळ वरून, एक फोटो तिरक्या उजेडात म्हणजे उंच-खोल कळेल, काट्यावर ठेवलेलं नाणं आकड्यासकट, शेजारी त्याच सालाचं साधं नाणं, आणि कडेचे चारही बाजूंनी फोटो. विकणारा बाकी सगळं पाठवतो आणि कडेच्या फोटोला टाळाटाळ करतो, असं झालं तर ते नाणं सोडून द्या.